सल्लामला दाखवायचं घड्याळ

म्हातारा बुअज्जा गुरुवारी दुपारी गेला. मनगटावर असली स्विस घड्याळ होतं आणि ओठांवर पोटच्या पोरासाठी 'चोर' हा शब्द. घड्याळ खरोखर असली होतं, पोरगा खरोखर चोर नव्हता, आणि या दोन्ही गोष्टी ज्याला पटायला हव्या होत्या तोच उठून गेला होता.

पण असं काही झालंच नाही असं धरून चालू. बुअज्जा जिवंत आहे. कासाब्लांकातल्या एका तिसऱ्या मजल्यावर, बैठकीतल्या भिंतीलगतच्या लांब गादीवर आडवा आहे, आणि सुनेनं पुढ्यात ठेवलेल्या सार्डिन माशाकडे संशयानं बघतो आहे.

"केल्तूम, हा मासा ताजा नाही."

"बा, सकाळीच बंदरावरून आणलाय."

"ताजा असता तर माझ्याकडे असा बघितला नसता."

"तो कुणाकडेच बघत नाहीये, बा. तो मेलाय."

"मग आमची ओळख वाढवायला हरकत नाही," असं म्हणून बुअज्जानं माशाचा काटा सोलून काढला. उभा जन्म साफी गावच्या मासळीच्या कारखान्यात डबे भरण्यात गेला होता. फुप्फुसं आता निकामी झाली होती. डॉक्टरनं घरच्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की त्यांना हवं ते खायला द्या. हे वाक्य डॉक्टर कधी म्हणतात ते सगळ्यांना कळतं, बुअज्जालाही कळलं होतं. म्हणून तर तो रोज मासा मागायचा आणि रोज त्याच्याशी भांडायचा.

त्याचा मुलगा तिबारी नगरपालिकेच्या कचेरीत होता. लोक मूळ दाखला आणि त्याची छायाप्रत घेऊन यायचे. तिबारीनं दोन्ही ताडून पाहायचं आणि छायाप्रतीवर 'मुळाबरहुकूम' असा शिक्का मारायचा. बाकीचे कारकून डोळे चहाच्या पेल्यावर ठेवून शिक्का मारत. तिबारी खरंच ताडून पाहायचा. त्यामुळे त्याच्या खिडकीपुढची रांग सगळ्यांत लांब असायची आणि रांगेतले लोक त्याला जे म्हणायचे ते इथं लिहिण्याजोगं नाही.

दिवसभर असली आणि नक्कल ताडून पाहणाऱ्या माणसानं सुट्टीत काय करावं? तिबारी असली आणि नक्कल ताडून पाहायचा. फक्त कागदांऐवजी घड्याळं.

त्यांचं तिघांचं मंडळ होतं. शुक्रवारी घरचा कुसकुस हाणून झाला की ते एका कॉफीघराच्या मागच्या टेबलावर जमत. त्यातला एक दाताचा डॉक्टर, सी मुफद्दल. 'सी' म्हणजे आपलं 'राव'. हाताखाली माणसांचे जबडे असल्यामुळे तो मान त्याला आपसूक मिळायचा. दुसरा मिलूद. दर्ब ग़ल्लफच्या बाजारात त्याची पत्र्याची टपरी होती. बाहेरून मोबाइलच्या काचा बसवून मिळत आणि आतून, ओळखीच्या माणसाला, जगातलं कुठलंही घड्याळ मिळे, फक्त ते असली नसे.

खेळ सोपा होता. ज्याची पाळी असेल त्यानं एक असली घड्याळ आणि एक त्याचं जुळं, म्हणजे नक्कल, चहाच्या तबकात मांडून वर फडकं टाकायचं. फडकं उचललं की बाकीच्यांनी भिंग लावून न्याहाळायचं. आकड्यांच्या कडा, काट्यांची टोकं, पाठीचे स्क्रू. मग जे असली वाटेल त्याच्यापुढे जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हची, एक बी ठेवायची. ज्याची बी चुकली त्यानं बिनसाखरेचा चहा प्यायचा. ही शिक्षा ऐकून कुणाला हसू आलं तर त्यानं मोरोक्कोत कधी चहा घेतलेला नाही. एकदा मिलूदनं तसला चहा पिऊन वर विचारलं होतं, "याच्यापेक्षा तुरुंग नाही का चालणार?"

तिबारीनं आजवर बिनसाखरेचा चहा चाखलाच नव्हता. मुफद्दल त्याच्यामुळे मधुमेहापासून वाचला होता.

आणखी एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. त्या टेबलावर इतकी घड्याळं असायची, पण कुणी "किती वाजले?" विचारलं की तिघंही खिशातला मोबाइल काढायचे. घड्याळाला चावी देणं, वेळ लावणं असल्या रानटी सवयी त्यांना नव्हत्या. घड्याळ बघण्यासाठी असतं, त्यात वेळ बघायची नसते, असं मुफद्दलचं ठाम मत होतं.

तर अशा या नजरबाज तिबारीनं एकच घड्याळ कधी तपासलं नव्हतं. बापाचं. ते त्याच्या लहानपणापासून बापाच्या मनगटावर होतं. बुअज्जा ते फक्त नमाजाआधी हातपाय धुताना, म्हणजे वजू करताना, उतरवी आणि तेव्हाही टोपीत ठेवून टोपी मांडीखाली दाबी. व्हाल्मोर कंपनीचं 'कप्तान'. निळी तबकडी, रोज चावी द्यायची. तिबारी घरात शिरला की नजर आधी छताकडे न्यायचा, मग बापाच्या तोंडाकडे. मनगटाकडे नाही. का नाही ते त्यानं स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

मासा संपवून बुअज्जानं हात पुसले. "पोरी, तू आत जा. मला याच्याशी बोलायचंय."

केल्तूम आत गेली, म्हणजे दाराच्या मागे उभी राहिली.

बुअज्जानं घड्याळ सोडलं आणि तिबारीपुढे धरलं. पट्ट्याखालची कातडी पांढरी फटक होती, जणू तेवढा माणूस कधी उन्हात गेलाच नव्हता.

"तू त्या टोळक्यात भिंग लावून बसतोस ना?"

"बसतो, बा."

"मग हे बघ. असली का नकली, सांग."

"आता कशाला, बा? इतकी वर्षं..."

"इतकी वर्षं मला मरायचं नव्हतं."

म्हातारा दम घेत घेत बोलू लागला. जे बोलला ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त आजवर कुणी तोंडातून काढलं नव्हतं. बुअज्जाचा धाकटा भाऊ सल्लाम त्याच कारखान्यात बॉयलरवर होता. बॉयलरची झडप अडकते हे साहेबापासून मांजरापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. एक दिवस बॉयलर फुटला. सल्लामला पुरताना त्याचं म्हणून जे पुरलं, ते सगळं त्याचंच होतं की नाही याचीही खात्री नव्हती. मग साहेबानं बुअज्जाला आत बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला, आणि एका कागदावर अंगठा घेतला. सल्लामनं झोपायला मिळावं म्हणून झडप आपल्या हातानं तारेनं बांधली होती, असं त्या कागदात होतं. सल्लामच्या बायकोला काही मिळालं नाही. बुअज्जाला पुढच्या ईदला, सगळ्या कामगारांसमोर, हे घड्याळ मिळालं. पाठीवर कोरलं होतं: 'बुअज्जा यांस, निष्ठेबद्दल.'

"आता मी त्याच्याकडेच चाललोय," बुअज्जा म्हणाला. "तो पहिलं तेच विचारणार. बुअज्जा, मला कशापायी विकलंस? तर निदान म्हणता यावं की बाबा रे, चांगल्या मालापायी विकलं. असली होतं. आणि नकली निघालं तर? तो हसेल रे. तो कसा हसायचा ते तुला माहीत नाही. अख्खा कारखाना थांबायचा."

तिबारीनं घड्याळ हातात घेतलं. भिंग लावायची गरजच पडली नाही. बाराच्या आकड्याचं पोट सुटलेलं होतं. मिनिटकाटा आपल्या रेघेपर्यंत पोचतच नव्हता, मध्येच थकून थांबला होता. मिलूदच्या टपरीवर असला माल पोरांच्या सुंतेला भेट म्हणून खपे.

"काय?" बुअज्जानं विचारलं.

"पाठ उघडून बघावी लागेल, बा. मुफद्दलकडे हत्यारं आहेत. उद्या सांगतो."

"उद्या सांग," म्हातारा म्हणाला. "पण परवा नको सांगूस. परवाचं माझं काही खरं नाही."

*

मुफद्दलच्या दवाखान्यात, रोग्याच्या खुर्चीवर घड्याळ ठेवून तिघं भोवती उभे राहिले. वरचा दिवा त्याच्यावर पडला होता. घड्याळानं आ वासला असता तर कुणाला नवल वाटलं नसतं.

"नकली," मुफद्दल म्हणाला. "बिचाऱ्याची सगळी दाढच किडलेली आहे."

"मला तर यात माझ्या चुलत्याचा हात दिसतोय," मिलूद म्हणाला. "त्या काळी तोच असला माल विकायचा. अल्ला त्याला माफ करो, पट्टे मात्र टिकाऊ द्यायचा. तिबारी, तू कशाला एवढं तोंड पाडतोस? घरी जा, 'बा, असली आहे' म्हण, मोकळा हो. म्हातारा सुखानं जाईल."

"जमणार नाही."

"एक शब्द आहे, गाढवा!"

"तो माझ्या तोंडाकडे बघतो. लहानपणी मी साखर चोरली की सगळ्यांच्या आधी त्याला कळायचं. मी खोटं बोललो तर त्याला कळणारच. आणि नाही कळलं तर मग..." तिबारी थांबला. "मी आजवर खोटा शिक्का मारला नाही रे."

"मग खरं सांग."

"ते त्याहून जमणार नाही."

बाहेर एक रोगी विव्हळत होता. त्याला कुणी विचारलं नाही. मग मुफद्दलनं कपाट उघडलं आणि मखमलीची एक डबी काढली. आत व्हाल्मोरचं 'कप्तान' होतं. निळी तबकडी. त्याच्या सासऱ्यानं जिनिव्हाहून आणलेलं, कागदपत्रांसकट असली.

"खोटं खरं करता येत नसेल तर खऱ्यालाच खोट्यासारखं करू," मुफद्दल म्हणाला. "मग तू जे सांगशील ते खरंच असेल."

मिलूदनं त्याच्याकडे आदरानं बघितलं. "सी मुफद्दल, दात उपटता उपटता ही अक्कल कुणाची उपटलीत?"

"उसनं देतोय. नंतर परत हवं." 'नंतर' म्हणजे कशाच्या नंतर हे कुणी विचारलं नाही.

मग त्या तिघांनी जे काम केलं, ते जगात त्याआधी कुणी केलं नसेल. दुनिया असलीची नक्कल करते; यांनी असली माल वापरून नकलीची नक्कल केली. मुफद्दलनं दात कोरायच्या यंत्रानं स्वतःच्याच घड्याळाच्या काचेवर चरे पाडले. एकेक चरा भिंगाखाली मापून, जागच्या जागी. पाठीवर 'बुअज्जा यांस, निष्ठेबद्दल' कोरताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण हात हलला नाही. मिलूदनं कारखान्याचा जुना पट्टा या घड्याळाला चढवला. चावीचा गेलेला मुलामा घासून घालवला. शेवटी त्यानं डब्यातली एक सार्डिन आणली आणि तिचं तेल कडेकडेनं चोळलं, कारण जुन्या घड्याळाला तसा वास होता.

मग दोन्ही घड्याळं पट्टे उतरवून तबकात पालथी मांडली आणि फडकं टाकलं. फडकं उचललं. तिबारीनं भिंग लावून कितीतरी वेळ बघितलं आणि जैतुनाची बी ठेवली.

नकलीपुढे ठेवली.

मुफद्दलनं टाळी वाजवली. तिबारीनं आयुष्यातला पहिला बिनसाखरेचा चहा घेतला आणि तो त्याला गोड लागला.

*

"असली आहे, बा."

बुअज्जानं त्याच्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ. तिबारीनं नजर हलवली नाही. खरं बोलणाऱ्या माणसाचं तोंड कसं असतं ते त्याला पहिल्यांदाच आतून कळत होतं.

"असली?"

"शंभर टक्के. स्विस. मुफद्दल म्हणाला, असं घड्याळ त्यानं आयुष्यात एकदाच पाहिलंय."

म्हातारा हसला. मग खोकला. मग पुन्हा हसला. घड्याळाला चावी दिली, पोराच्या मोबाइलवरून वेळ लावली, मनगटावर बांधून घेतलं, कानाला लावलं, आणि केल्तूमला हाक मारली. "पोरी, तो सकाळचा मासा आहे का अजून? वाईट नव्हता तो."

केल्तूमनं दारामागे डोळे पुसले आणि तव्यावर मासा टाकला. त्या दिवशी घरात इतकं बरं वाटत होतं की शेजारीण म्हातारा गेला की काय म्हणून बघून गेली.

ही झाली मंगळवारची गोष्ट.

बुधवारी पहाटे कोपऱ्यावरच्या मशिदीतून अजान झाली. बुअज्जा नेहमीसारखा उठून बसला, उशाला टेकला, घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. वेळ लावायला चावी ओढली आणि तसाच थबकला. ओढायची गरज नव्हती. अजान आणि घड्याळ एकाच ठोक्यावर होते.

तो दिवसभर ते घड्याळ पंज्यात धरून बसला, जणू पक्षी पकडलाय आणि तो उडू बघतोय.

गुरुवारी पहाटे पुन्हा अजान झाली. पुन्हा घड्याळ बरोबर.

"तिबारी!"

तिबारी धावत आला.

"हे माझं नाही."

"बा?"

"माझं पुढं पळायचं. पहिल्या दिवसापासून. रोज पहाटे मी त्याला मागं ओढायचो, रोज ते पुन्हा पळायचं. माझं घड्याळ कधी अजान देणाऱ्या मुअज्जिनसाठी थांबलं नाही. त्याच्यापायी मी कारखान्यात सगळ्यांच्या आधी पोचायचो. लोक म्हणायचे, भाऊ गेल्यापासून बुअज्जाला झोप नाही. झोप होती रे. घड्याळ पुढं होतं." म्हाताऱ्यानं ते मनगट पोराच्या नाकासमोर धरलं. "हे कोण आहे? हे मुअज्जिनच्या ताटाखालचं मांजर आहे. हे नकली आहे."

तिबारीनं मनातल्या मनात सगळं पुन्हा ताडून पाहिलं. चरे मापले होते. वास मापला होता. बाराच्या आकड्याचं सुटलेलं पोट आणि तोकडा मिनिटकाटा तेवढे जमणार नव्हते, पण म्हाताऱ्याच्या डोळ्यांना ते दिसत नाही हे त्यांनी धरलं होतं. तिघं नजरबाज, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की घड्याळ वेळही दाखवतं.

"असली होतं म्हणालास," बुअज्जा हळू आवाजात म्हणाला. "खरं बोलत होतास. तोंडावरून कळलं मला. असली होतं, म्हणूनच ठेवून घेतलंस. तुझ्या त्या तबकासाठी. आणि मला जुळं बांधलंस."

"बा, नाही. ऐक. हे असली आहे. अल्लाशपथ. तुझं... तुझं जे होतं ते नकली होतं."

सांगून टाकलं. दारामागे केल्तूमच्या हातातलं काहीतरी पडलं.

बुअज्जानं त्याच्याकडे बघितलं, तसंच, बराच वेळ. तिबारीनं पुन्हा खरं बोलणाऱ्याचं तोंड केलं. पण आता ते त्याला करावं लागत होतं.

"चोर असंच म्हणतो," म्हातारा म्हणाला. "ज्याचं नेलं त्यालाच सांगतो, तुझा माल खोटा होता."

तिबारी जोडे न घालताच खाली पळाला. टॅक्सी केली, मुफद्दलच्या दवाखान्यापर्यंत ड्रायव्हरला तीनदा "जरा पळव की" म्हणाला. दवाखाना उघडेपर्यंत तो बाहेर पायरीवर बसून राहिला. मग मुफद्दलनं एका बाईचं तोंड उघडं ठेवून खणातून जुनं घड्याळ काढून दिलं. तिबारीनं परतीच्या टॅक्सीतच त्याला चावी दिली. आतून खरखर आली, दळण दळल्यासारखी. टॅक्सी चौकात अडकली. सिग्नल सुटेना. घड्याळ तेवढ्यात पुढं पळू लागलं होतं.

दुपार होता होता तो जिन्यावर पोचला, तेव्हा केल्तूम पायरीवर बसली होती.

"काय म्हणाला शेवटी?"

"नको विचारूस."

"केल्तूम."

"तुझं नाव घेतलं. म्हणजे नाव नाही घेतलं. 'चोर' म्हणाला." तिनं पदरासारखा डोक्यावरचा रुमाल तोंडाशी धरला. "आणि मग मला विचारलं, 'पोरी, आता सल्लामला काय दाखवू?'"

*

मय्यत धुणाऱ्यानं घड्याळ एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिबारीच्या हातात दिलं. "तिकडे काही नेता येत नाही, भाऊ," तो म्हणाला. त्याला वाटलं आपण समजूत घालतोय.

कबरीवर माती लोटून झाल्यावर मुफद्दल तिबारीच्या शेजारी येऊन उभा राहिला. सगळे म्हणतात तसं सबर कर म्हणाला. पिशवीकडे बघितलं, आतल्या घड्याळावरच्या 'बुअज्जा यांस' कडे बघितलं, आणि म्हणाला, "राहू दे तुझ्याकडे. माझ्या सासऱ्याचं नाव बुअज्जा नव्हतं."

मिलूदनं पिशवीच्या तोंडाला गाठ मारून दिली.

त्या शुक्रवारी मंडळ जमलं नाही. पुढच्याही नाही. तिबारी कामावर परतला, पण आता बापाचं नकली घड्याळ त्याच्या मनगटावर होतं आणि तो रोज खिडकी वेळेआधीच उघडून रांग नसलेल्या रस्त्याकडे बघत बसे. अशाच एका रिकाम्या सकाळी त्यानं सरकारी कागद पुढे ओढला आणि शुद्ध अक्षरात, समास सोडून, एक अर्ज लिहिला.

प्रति, मा. संचालक, मासळी डबाबंद कारखाना (बंद), बंदर रस्ता, साफी (हल्ली तिथे लग्नाचा हॉल आहे).

विषय: निष्ठेबद्दल दिलेल्या घड्याळाबाबत.

महोदय, माझे वडील मरहूम बुअज्जा यांना आपल्या कारखान्याकडून एक घड्याळ देण्यात आले होते. ते तपासणीअंती मुळाबरहुकूम आढळले नाही. त्याबदल्यात आपण घेतलेला माणूस मात्र असली होता, याची नोंद आपल्या दप्तरी असेलच. सोबत घड्याळाच्या दोन्ही बाजूंचे फोटो जोडले असून ते मी स्वतः मूळ वस्तूशी ताडून पाहिले आहेत. तरी मेहेरबानांनी सदर घड्याळाच्या जागी असली घड्याळ, मागील तारखेपासून लागू होईल अशा बेताने, वरील मयताच्या हाती पोचते करावे. आणि ते शक्य नसल्यास, घड्याळ असलीच होते असे मरहूम सल्लाम यांस, बुअज्जा तेथे पोचण्यापूर्वी, कार्यालयामार्फत लेखी कळवण्यात यावे, ही विनंती.